ब्रेकची लाथ

"ब्रेकनं लाथ मारली मला," रंगराव मोहिते म्हणाले. "एक न्हाई, धा-पंधरा. अशा बगा."

आणि त्यांनी आमच्या मॅनेजरच्या, इनामदार साहेबांच्या, टेबलाच्या काचेवर चार बोटं इतक्या जोरात वाजवली की पेनांचा डबा सरकत सरकत कडेला गेला. साहेबांनी तो झेलला आणि माझ्याकडे बघितलं, जणू तो मीच ढकलला होता.

ही २०१४च्या डिसेंबरातली गोष्ट. कराडमधल्या एका गाड्यांच्या शोरूमच्या वर्कशॉपमध्ये मी दीड वर्षापासून नोकरीला होते. मेकॅनिकलचा डिप्लोमा, अंगात निळा डगला, आणि अख्ख्या वर्कशॉपमध्ये एकटी मुलगी. नवी गाडी गिऱ्हाइकाच्या ताब्यात जाण्याआधी ती तपासायची आणि सही करायची, हे माझं काम. मोहित्यांच्या गाडीच्या कागदावरही माझीच सही होती, हर्षदा लोहार, चांगली वळणदार.

रंगराव एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. नोकरीची एकतीस वर्षं, त्यातली बरीचशी कराड-चिपळूण मार्गावर, कुंभार्ली घाटातून. एवढ्या वर्षांत गाडीला ओरखडासुद्धा नाही, हे त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत दोनदा सांगितलं होतं. आठ दिवसांपूर्वी पाटणच्या अलीकडे, रस्त्याचं काम चालू होतं तिथे, त्यांची दोन महिन्यांची नवी गाडी खडीच्या ढिगात घुसली होती. धूळ बसावी म्हणून टँकरने मातीवर पाणी मारलेलं, समोर उसाची बैलगाडी आडवी आली, आणि गाडी थांबली नाही. शेजारी त्यांची पत्नी हौसाबाई बसल्या होत्या. त्यांचं मनगट मोडलं.

"पेडल थरथरलं, खालनं कुणीतरी दात खाल्ल्यागत आवाज आला, आन् ब्रेक गेला," रंगराव म्हणाले. "म्या खोटं बोलतोय का?"

"तसं कोण म्हणतंय, आबा?" त्यांचा मुलगा धैर्यशील म्हणाला. तो पुण्यात नोकरीला होता आणि खास या कामासाठी रजा काढून आला होता. मग तो साहेबांकडे वळला. "मी स्पष्टच सांगतो. आईच्या हृदयाचं औषधपाणी कराडला असतं, महिन्यातनं दोनदा. तिला आबांनी आणावं म्हणून ही गाडी घेतली. ब्रेक खराब असेल तर तुम्ही लेखी द्या. नसेल, तर आबांचं वय झालं. आजपासून त्यांची गाडी बंद. मी आईला परत त्यांच्या शेजारी बसवणार नाही."

रंगरावांनी खिडकीबाहेर बघितलं. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला मुलाने परक्यासमोर असं बोललेलं कसं लागतं, ते त्यांच्या मानेवर दिसत होतं.

ते दोघे बाहेर गेल्यावर साहेब म्हणाले, "लोहार, सोमवारी रिपोर्ट. ब्रेकमध्ये दोष निघाला, तर तपासणी तुझी आहे. वर कंपनीला नाव द्यावं लागेल."

म्हणजे सरळ होतं. ब्रेक वाईट निघाला तर माझी नोकरी जाणार. ब्रेक चांगला निघाला तर म्हाताऱ्याची गाडी जाणार.

मी खरं सांगते, मला तेव्हा म्हाताऱ्याची फारशी दया आली नाही. माझ्या घरात माझ्या पगाराशिवाय दुसरा पगार नव्हता. मी दोष शोधणारा स्कॅनर लावला, ब्रेकचं तेल बघितलं, पॅड उघडले, चारही चाकांचे सेन्सर तपासले. एकही दोष नाही. शुक्रवारी संध्याकाळी रिपोर्ट लिहून तयार होता आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण ती बोटं डोक्यातून जाईनात.

गाडीत अँटिलॉक ब्रेक होते, ज्याला सगळे ए.बी.एस. म्हणतात. जोरात ब्रेक दाबला आणि चाकं घसरायला लागली की ते आपोआप कामाला लागतात आणि तेव्हा पेडलला कंपन जाणवतं, हे मी डिप्लोमाला असताना पाठ केलं होतं. पेपरात लिहून सहापैकी सहा मार्क मिळवले होते. 'कंपन' हा शब्द वाचताना मला नेहमी मोबाइलची थरथर आठवायची. रंगरावांनी काचेवर वाजवलं ते काही मोबाइलचं नव्हतं.

शनिवारी सकाळी चहाला मी आमच्या सगळ्यांत जुन्या मेकॅनिकला, बबनदादांना, विचारलं, "दादा, ए.बी.एस. लागल्यावर पायाला नेमकं कसं लागतं?"

"कसं म्हंजे? थरथरतं."

"तुम्ही अनुभवलंय?"

बबनदादांनी बिस्किट चहात बुडवलं, ते मोडून आत पडलं, आणि त्यांनी चमच्याने ते शोधायला सुरुवात केली. "आवारात वीसच्या वर गाडी न्यायची बंदी हाय. गिऱ्हाइकाची गाडी रस्त्यावर नेऊन करकचून दाबू का मी?"

मी आणखी तिघांना विचारलं. एकानेही ते पायाने बघितलेलं नव्हतं. आम्ही ब्रेक दुरुस्त करणारे लोक, आणि ते खरे कामाला लागतात तो क्षण आमच्यापैकी कुणाच्याच पायाखालून गेला नव्हता. मला आधी हसू आलं आणि मग स्वतःचाच राग आला.

रंगराव आवारातच होते. ते रोज सकाळच्या एस.टी.ने पाटणहून यायचे आणि चेपलेल्या गाडीजवळ स्टूल टाकून बसायचे, दवाखान्यात बसावं तसे.

"काका," मी म्हणाले, "तुम्हाला लागल्या त्या लाथा मला खायच्यात. येता का?"

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "गाडी कोण चालवणार?"

"आधी मी. मग तुम्ही."

ते स्टुलावरून असे उठले की स्टूलच आडवं झालं.

गिऱ्हाइकांना चालवून दाखवायची तशीच एक गाडी शोरूमकडे होती. 'ब्रेकची चाचणी' असं रजिस्टरला लिहून मी ती घेतली. तासवड्याच्या औद्योगिक वसाहतीत मागच्या बाजूला एक रुंद, रिकामा रस्ता होता. तिथली पाण्याची पाइपलाइन कित्येक महिने गळत होती, त्यामुळे शंभरेक पावलांचा डांबरी पट्टा कायम पातळ चिखलाने माखलेला असायचा. मी एक वीट रस्त्याकडेला खूण म्हणून ठेवली. ओल्याची सुरुवात झाली की दाबायचं आणि विटेच्या आत थांबायचं.

"चाळीसवर घेते," मी म्हणाले. "मी फक्त कंपन बघणार आहे."

"बग बग."

ओलं आलं. मी पूर्ण ताकदीने ब्रेक दाबला.

खडखडखडखड! पेडलने माझा पाय अक्षरशः वर फेकला. खालून दगड भरडल्यासारखा आवाज. काहीतरी तुटलं, एवढं एकच मनात आलं. गाडी विटेच्या पुढे तीन गाड्यांच्या अंतरावर जाऊन थांबली.

रंगराव शांतपणे म्हणाले, "पाय उचाललास."

"नाही."

"उचाललास की. ड्रायव्हरच्या शेजारी बसलेला ड्रायव्हर रस्ता बगत न्हाई, पाय बगतो."

सहापैकी सहा मार्क मिळवलेली, रोज ब्रेक उघडणारी, काय होणार हे आधीपासून माहीत असलेली मी, आणि माझा पाय पहिल्याच लाथेला पळून गेला होता.

"परत," मी म्हणाले.

दुसऱ्या वेळी मी दात आवळून पेडल खाली दाबून धरलं. ते आदळत राहिलं, मी धरून राहिले. गाडी विटेच्या हातभर आधी थांबली.

आम्ही दोघंही काही वेळ विटेकडे बघत बसलो.

"म्हंजी लाथा मारत असताना बी थांबती?"

"लाथा मारते म्हणूनच थांबते, काका."

"उतर," ते म्हणाले. "मला बसू दे."

पहिल्या वेळी त्यांचाही पाय उठला. दुसऱ्या वेळीही उठला. तिसऱ्या वेळी त्यांनी पेडलला अशी शिवी हासडली की मी काचेबाहेर बघितलं, पण पाय धरून ठेवला आणि गाडी थांबली. मग ते लहान मुलासारखे सुटले. मला वीट रस्त्याच्या मधोमध ठेवायला लावली आणि ब्रेक दाबलेला असतानाच स्टिअरिंग वळवून विटेच्या बाजूने निघून गेले, परत आले, परत गेले.

"ब्रेक लागल्यावर वळतीय बी!"

"चाक पूर्ण जाम होत नाही, म्हणून वळते. जाम चाक नुसतं घसरतं, कुठेही वळवा."

"पण ह्याला कळतं कसं, चाक जाम व्हायला लागलंय ते?"

मी खाली उतरून त्यांना पुढचं चाक दाखवलं. "आत एक दात्यांची चकती आहे, चाकाबरोबर फिरते. शेजारी सेन्सर. तो दाते मोजत बसतो. चारही चाकांना असाच एकेक मोजणारा. तीन चाकं एका वेगाने फिरताहेत आणि एकाचे दाते अचानक कमी यायला लागले, म्हणजे ते जाम व्हायला लागलं. लगेच त्या एकट्याचा ब्रेक क्षणभर सोडायचा, परत दाबायचा, परत सोडायचा. तेलाचं ते दाब-सोड पेडलला मागे लागतं."

रंगराव चाकाशी उकिडवे बसले. "म्हंजी चार चाकांना चार कंडक्टर."

"असं म्हणा."

"आन् ही लाथ न्हाई मग. ही घंटी हाय." त्यांनी वर बघितलं. "कंडक्टरनं घंटी मारली आन् म्या समजलो गाडी मोडली."

मी फ्यूज काढून ए.बी.एस. बंद केलं. आता ओल्यात दाबल्यावर चाकं गच्च जाम झाली आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी सरळ घसरत गेली. रंगराव खुशीत आले. "ही वळखीची हाय!" म्हणाले, आणि पुढच्या फेरीला त्यांनी पाय असा हलवला की मी बघतच राहिले. दाब, सोड, दाब, सोड. घाईचा मागमूस नाही. गाडी त्या चिखलातून विटेला वळसा घालून अलगद उभी राहिली.

"कुंभार्ली घाटात पावसाळा म्हंजी हेच. दाबून धरलं तर गाडी दरीत. एकतीस वर्षं ह्या पायानं हेच केलं."

"सेकंदाला किती वेळा, काका?"

त्यांनी पेडलवर पाय वाजवून बघितला. "दोन. लई झालं तर तीन."

"हे दहा-पंधरा वेळा करतं. आणि प्रत्येक चाकाला वेगळं."

त्यांनी स्वतःच्या पायाकडे बघितलं. "मग मला कशाला ठेवलाय गाडीत?"

"बैलगाडी बघायला."

ते मोठ्याने हसले, आणि मीही. मी फ्यूज परत लावला. गाडी फिरवताना पुढची चाकं गळतीच्या खड्ड्यात रुतली. रंगरावांनी एक्सलरेटर दाबला तर इंजिन वाढायच्या ऐवजी दबलं आणि समोर घसरणाऱ्या गाडीचं पिवळं चिन्ह लुकलुकायला लागलं.

"आता हिला काय झालं? म्या रेस देतोय आन् ही खाली बसतीय."

"सोडू नका, हलका ठेवा. हे ट्रॅक्शन कंट्रोल. तेच चार कंडक्टर, फक्त उलटं काम. आता एक चाक जागेवर जोरात भिंगरतंय. त्याचे दाते जास्त येताहेत. मग इंजिनाचा जोर कमी करायचा, त्या भिंगरणाऱ्या चाकाला ब्रेक लावायचा, की जोर दुसऱ्या चाकाकडे जातो."

गाडी कुरकुरत, थबकत, खड्ड्यातून वर आली. एस.टी. असती तर उतारू ढकलायला खाली उतरवले असते, असं रंगराव म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता. मलाही इतकं बरं वाटत होतं की मी कशासाठी आले होते तेच विसरले होते.

मग त्यांनी गाडी कडेला घेऊन बंद केली. दोन्ही हात स्टिअरिंगवरच होते.

"पोरी, त्या दिवशी म्या पाय ठेवला असता तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. "बहुतेक थांबली असती, काका. निदान वळली तरी असती."

"हौसाचा हात मोडला नसता. आता दोन महिनं ती चूल पेटवायला शेजारणीला बोलावणार. रोज विचारती, अवो, गाडीला काय झालं वतं? आन् म्या रोज सांगतो, ब्रेक गेला." त्यांनी डोळे पुसले नाहीत, पाणी तसंच खाली येऊ दिलं. "ब्रेक गेला न्हवता. म्या गेलो. चल तुझ्या सायबाकडं. लिवून देतो."

इनामदार साहेब खूश झाले, पण दाखवलं नाही. धैर्यशील आलेलाच होता. साहेबांनी दहा मिनिटांत पत्र छापून आणलं: वाहनात कोणताही दोष नाही, अपघात चालकाच्या चुकीमुळे झाला, तक्रार मागे घेत आहे. धैर्यशीलने ते वाचलं आणि वडिलांपुढे हात केला.

"आबा, दुसरी किल्ली."

रंगरावांनी सदऱ्याच्या खिशातून किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. अजिबात घासाघीस नाही. ते मला बघवेना, म्हणून मी समोरची फाइल चाळायला लागले. माझ्या तपासणीचा कागद वर होता. त्याच्या खाली दुसरा कागद होता, गाडी ताब्यात दिल्याचा. त्यावर चौकटींची रांग. कागदपत्रं दिली, बरोबर. सुटं चाक दाखवलं, बरोबर. सुरक्षेच्या सोयी, ए.बी.एस. आणि ट्रॅक्शन कंट्रोल, ग्राहकाला समजावून सांगितल्या, बरोबर. सगळ्या खुणा माझ्या, आणि खाली तीच वळणदार सही.

ती गाडी आम्ही दसऱ्याला दिली होती. त्या सकाळी मुहूर्ताच्या अडीच तासांत एकोणीस गाड्या जायच्या होत्या. हार, पेढे, नारळ, फोटो. मागची मंडळी हार घेऊन ताटकळलेली. समजावून सांगायला कुणालाच वेळ नसायचा, म्हणून सगळ्या कागदांवरच्या खुणा आम्ही आदल्या दिवशीच करून ठेवायचो. दर दसऱ्याला, दर पाडव्याला. साहेबांना माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. मोहित्यांना मी तीन मिनिटं दिली होती. त्या तीन मिनिटांत गाणी कशी लावायची ते धैर्यशीलला दाखवलं, कारण गाडी त्याच्या नावावर होती. जे चालवणार होते ते पेढ्यांचा बॉक्स धरून बाजूला उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नव्हतं.

रंगरावांनी पेनाचं टोपण काढलं.

"काका, सही करू नका," मी म्हणाले.

साहेबांनी मान वर केली. "लोहार?"

"साहेब, ब्रेक चांगला आहे. माझी तपासणी बरोबर आहे. पण ही खूण खोटी आहे." मी कागद टेबलावर ठेवला आणि बोट ठेवलं. "ब्रेक पायाला आदळेल, तरी पाय सोडायचा नाही, हे एक वाक्य होतं. ते मी यांना सांगितलं नाही. खूण मात्र आदल्या दिवशीच करून ठेवली होती. आज मला सगळं माहीत असून माझा पाय उठला. यांना तर कुणी सांगितलंच नव्हतं."

"लोहार, तू बाहेर थांब."

"आम्ही सगळेच अशा खुणा करतो, साहेब."

आता माघार नव्हती. साहेबांचा चेहरा लाल झाला. धैर्यशीलने कागद ओढून घेतला, चौकटी वाचल्या. "मला तुम्ही गाणी दाखवलीत," तो हळूच म्हणाला.

"हो."

"मी पण आबांना बोलावलं नाही. ते पेढे धरून उभे होते."

साहेब उभे राहिले. त्यांनी मला शिवी दिली नाही, आवाजही चढवला नाही. "गिऱ्हाइकासमोर हे बोललीस. ठीक आहे. उद्यापासून येऊ नकोस."

मला वाटलं होतं तेवढं काही झालं नाही. फक्त आईला काय सांगायचं हे डोक्यात आलं. मी डगल्याच्या खिशातला स्कॅनर काढून टेबलावर ठेवला.

रंगरावांनी पेनाला टोपण लावलं. पत्राची घडी घातली, ती साहेबांच्या पुढ्यात सरकवली आणि मुलासमोर तळवा पसरला. धैर्यशीलने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं आणि किल्ली त्यांच्या तळव्यावर ठेवली.

"सायेब, उद्यापास्नं म्हणालात न्हवं?" रंगराव म्हणाले. "म्हंजी आजचा दिवस हिची नोकरी हाय. मग चल, पोरी. धैर्या, तू बी चल, मागं बस आन् नीट ऐक." ते दाराकडे निघाले. "माझ्या गाडीची डिलिव्हरी अजून व्हायचीय."